नोंदणीनंतर अ‍ॅप का सुटतं: आकड्यांवरून कळेल की दुकानात बसून?

खतावणी
किराणा दुकानदारांच्या उधारीचं अ‍ॅप बनवणाऱ्या टीममध्ये मी आहे. नोंदणीपर्यंत सगळं सुरळीत होतं. ओटीपी येतो, दुकानाचं नाव भरलं जातं, माहितीचे पडदे लोक 'वगळा' दाबून पार करतात. खरी गळती त्यानंतर सुरू होते आणि तिचं कारण डॅशबोर्डवर सापडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आमच्याकडे सर्वाधिक नोंदी रात्री नऊनंतर होतात. नुसता आलेख पाहिला तर वाटेल, दुकानदाराला निवांतपणे हिशेब करायला आवडतं. दुकानात बसल्यावर वेगळंच दिसलं. नवं खातं उघडायचं तर अ‍ॅप गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर सक्तीने मागतं. समोर गर्दी, हाताला गुळाचा चिकटा. अशा वेळी मागच्या गल्लीतल्या काकूंचा नंबर कोण शोधत बसणार? उधारी साबणाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिली जाते आणि रात्री मुलगा ती अ‍ॅपमध्ये उतरवतो. मुलाची परीक्षा आली की अ‍ॅप बंद.

पाच दुकानांत बसा, मगच पडदा बदला. पाच जणांच्या चाचणीत वापरातल्या सुमारे 85 टक्के अडचणी उघड होतात, हे वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी 2000 सालीच मांडलं आहे.

आकडेमोड
अजिबात पटलं नाही. ते 85 टक्के एका गृहीतकावर उभे आहेत: एका माणसाच्या चाचणीत सरासरी 31 टक्के अडचणी सापडतात. जेरेड स्पूल आणि विल श्रोडर यांनी 2001 मध्ये संकेतस्थळांवर चाचण्या घेतल्या, तेव्हा पहिल्या पाच जणांत 35 टक्केच सापडल्या. लॉरा फॉकनर यांनी 2003 मध्ये 60 जणांच्या चाचणीतून पाच-पाचांचे गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून पाहिले. एखाद्या गटाला 99 टक्के अडचणी सापडल्या, एखाद्याला फक्त 55. तुमची पाच दुकानं यातल्या कुठल्या गटात बसतात, ते कसं ठरवणार?

शिवाय आपली माणसं भिडस्त. चहा पाजतील, 'छान आहे हो' म्हणतील आणि दुसऱ्या दिवशी अ‍ॅप काढून टाकतील. अ‍ॅप काढल्याच्या नोंदीला भीड नसते.

खतावणी
मत विचारायचंच नाही. काम द्यायचं: 'आजींनी दोनशे दिले, दीडशे बाकी राहिले, नोंदवा.' मग आपण गप्प बसायचं. हेच फार अवघड जातं, कारण 'तिथे नाही, इथे दाबा' असं सांगायला जीभ शिवशिवते. तोंडाने माणूस कितीही गोड बोलला, तरी बोट अडायचं तिथे अडतंच.

फॉकनर यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण पाचांवर थांबा, असं नील्सनही म्हणत नाहीत. पंधरा जण मिळत असतील तर पाच-पाचांच्या तीन फेऱ्या घ्या आणि मधे दुरुस्ती करा, हा त्यांचा सल्ला आहे. 85 चा आकडा सगळे उचलतात, हे मात्र कुणी वाचत नाही. आणि दोन पडद्यांची तुलना करून आकड्यांवर निकाल लावायचा तर हजारोंनी वापरणारे लागतात. छोट्या अ‍ॅपने ते कुठून आणायचे?

कानोसा
तुम्ही दोघंही डोळस दुकानदारच धरून चालला आहात. मी टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी फोनमधली सोय, लावून फोन वापरतो. नोंदणीचे पडदे बहुतेक अ‍ॅपमध्ये नीट वाचले जातात, कारण तेवढे तपासलेले असतात. आत शिरलं की 'बटण, बटण, बटण' एवढंच ऐकू येतं. जमा कुठलं, पुसा कुठलं, काही कळत नाही. तुमच्या आकड्यांत मी 'दोन मिनिटांत बाहेर पडलेला' एवढाच उरतो. पाचांत एक तरी माणूस आमच्यातला घ्या.

आकडेमोड
कानोसा, हा मुद्दा बिनशर्त मान्य. बटणांना नावं देण्यासाठी कुठल्याही आकड्याची वाट पाहू नये.

पण खतावणी, नंबरची सक्ती काढायची तर आधी दहातल्या एका दुकानाला तो बदल द्या आणि महिनाभर बघा. नंबर नसेल तर बाकीची आठवण मेसेजने जाणार नाही, वसुली रखडेल. ते दुकानात तासभर बसून दिसत नाही.

खतावणी
दहातल्या एकाला द्यायला माझी हरकत नाही. पण त्या महिन्यात मी त्यातल्याच काही दुकानांत जाऊन बसणार, आणि तेही गर्दीच्या वेळी, संध्याकाळी सहानंतर.