पॅप स्मिअरच्या काचा सारख्या अनसॅटिस्फॅक्टरी येतायत, कुठं चुकतंय?

स्टाफनर्स_मराठवाडा
नमस्कार मंडळी. ग्रामीण भागात स्टाफ नर्स आहे. महिन्यातून एकदा कॅम्प असतो, बीपी शुगर बघतो आणि तिशीपुढच्या ज्या बायका तयार होतात त्यांचा पॅप घेतो, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी तिथल्या पेशी काचेवर घेतो, काचा बाहेरच्या लॅबला जातात. मागच्या वेळी 38 गेल्या त्यातल्या 9 अनसॅटिस्फॅक्टरी, म्हणजे वाचताच न येणाऱ्या. आता या नऊजणींना परत बोलवायचं म्हणजे काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहिती, एक तर सोयाबीनची मजुरी बुडवून आली होती, आशाताईनं फोन केला तर म्हणे काय निघालंय का माझ्यात ते सरळ सांगा. काही नाही निघालं गं बाई, काचच नीट आली नाही, हे पटवायचं कसं?
मला वाटतं मी हलक्या हातानं घेते म्हणून होत असेल. बायका कळवळतात मग माझा हात आखडतो. पेशी खरवडायला लाकडी स्पॅट्युला वापरतो, आतल्या पेशी घ्यायचा ब्रश कधी असतो कधी नसतो. जरा जोरात घासायचं का?

काचेपलीकडचा
ताई जोरात अजिबात नको, रक्त येईल आणि ती काच पण जाईल. मी सायटोलॉजीच्या, म्हणजे पेशी तपासायच्या लॅबला टेक्निशियन आहे. आधी रिपोर्ट परत काढा आणि कारण वाचा, कारण लिहिलेलंच असतं. पेशी कमी, रक्त, पू, नाहीतर एअर ड्राईंग म्हणजे काच हवेनं सुकणं, प्रत्येकाचा उपाय वेगळा. साध्या काचेवर 8 ते 12 हजार नीट दिसणाऱ्या पेशी लागतात (एकेक मोजत नाही हो कोणी, अंदाज असतो), पेशी द्रवाच्या बाटलीत पाठवायच्या लिक्विडवाल्या पद्धतीला 5 हजार चालतात. आणि 75 टक्क्यांच्या वर पेशी रक्ता-पुवानं झाकल्या असतील तर काच बाद. पण त्यातही संशयास्पद पेशी दिसल्या तर बाद नाही करत, तसं कळवतो.

स्टाफनर्स_मराठवाडा
बघितलं. 5 मध्ये एअर ड्राईंग, 2 मध्ये रक्त, 2 मध्ये पेशी कमी आणि त्या दोघी पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या. पण एअर ड्राईंग कसं काय, मी तर प्रत्येक काच अल्कोहोलमध्ये टाकते!

काचेपलीकडचा
टाकता हो, पण कधी? खरं खरं सांगा, टेबलावर पंखा असतो का? काच पसरवून झाली की ती ट्रेमध्ये ठेवून आधी स्पेक्युलम (आत बघायला घातलेला चिमटा) काढता का? नाव काचेवर आधी लिहिता का नंतर?
पातळ थर असतो तो, पंख्याखाली बघता बघता सुकतो. सुकला की पेशीचं केंद्रक फुगतं, रंग धुरकट धरतं, आणि आमचं सगळं ठरतं ते त्या केंद्रकाच्या आकारावर आणि रंगावर, मग आम्ही काय वाचणार? पसरवलं की लगेच, ओली असतानाच 95 टक्के इथाईल अल्कोहोलमध्ये, बाकी सगळं नंतर. नाव आधीच, घासलेल्या टोकावर शिसपेन्सिलनं. मार्करनं लिहिलेलं अल्कोहोलमध्ये धुवून जातं, आमच्याकडे अशा बिननावाच्या काचा आल्यात, कुणाच्या ते देवालाच माहिती. बरणीला झाकण ठेवा नाहीतर अल्कोहोल उडून जातं, आणि एका बरणीत दोन काचा असतील तर मध्ये क्लिप लावा, चिकटतात.

डॉक्टरीणबाई_जिल्हा
टेक्निशियन दादांनी निम्मं काम केलं. रक्ताबद्दल सांगते. आधी स्पॅट्युला, त्याचं लांब टोक पिशवीच्या तोंडात बसवून एकच पूर्ण गोल, मग ब्रश आणि तो फक्त पाव ते अर्धा फेरा. बऱ्याच जणी ब्रश गरागरा फिरवतात, रक्त तिथूनच येतं. हातानं तपासणी आणि व्हीआयएचं (ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघायची तपासणी) ॲसिटिक ॲसिड दोन्ही पॅपनंतर. जेलीऐवजी कोमट पाणी. आणि आशाताईंना सांगून ठेवा, पाळीत बोलवू नका, आधीचे दोन दिवस संबंध नको, आतून धुणं नको, आत ठेवायच्या गोळ्या नकोत.
त्या दोन वयस्कर बायकांचं असं आहे की पाळी गेल्यावर जिथून पेशी हव्यात ती जागा आत सरकते आणि सगळं कोरडं पडतं, नुसत्या स्पॅट्युलानं नाही भागत, ब्रश लागतोच. कधी कधी आम्ही काही आठवडे इस्ट्रोजेनचं क्रीम देऊन मग परत घेतो, पण ते डॉक्टरनं ठरवायचं. नऊजणींना पुढच्या आठवड्यात नका बोलवू, 2 ते 4 महिन्यांनी. आणि एक, जिला संबंधानंतर रक्त जातंय किंवा पिशवीच्या तोंडावर गाठ-जखम दिसतेय तिची काच वगैरे घेत बसू नका, सरळ वरच्या दवाखान्यात पाठवा.

पुणेरी_गृहिणी
मी नर्सही नाही डॉक्टरही नाही, पण मला एकदा असंच परत बोलवलेलं, फोनवर फक्त "परत या, रिपोर्ट बरोबर नाही". दहा दिवस झोप नाही. काच घेतानाच सांगून ठेवा ना की एखादीची परत घ्यावी लागते. आणि टेबलावर असताना आता थंड लागेल, आता दाब येईल असं बोलत राहिलं की अंग आपोआप सैल पडतं, मग तुमचा हात पण आखडणार नाही.

निवांत_वाचक
हे सगळं सोडून एचपीव्ही टेस्ट (हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्याची तपासणी) का नाही करत? 2021 पासून डब्ल्यूएचओ तेच आधी करा म्हणतंय आणि बाई स्वतःच नमुना घेऊ शकते. शिवाय तुमच्याच मराठवाड्यातला अभ्यास आहे, तेव्हाचा उस्मानाबाद, आता धाराशिव जिल्हा, 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांवर बायका, 2009 ला छापून आला. एकदाच एचपीव्ही केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू, तपासणी न केलेल्या गटापेक्षा, जवळपास निम्मे झाले, पॅपच्या गटात तसा ठोस फरक दिसला नाही.

काचेपलीकडचा
बरोबर आहे पण एचपीव्ही पॉझिटिव्ह आली की पुढं बरेचदा काच वाचावी लागते, तेव्हा ती सुकलेली नको एवढंच.

स्टाफनर्स_मराठवाडा
निवांत दादा, किट आलं की पेढे वाटते, तोपर्यंत स्पॅट्युला.
पंखा डोक्यावरच होता 🙈 आणि स्पेक्युलम मी आधी काढायचे, बाईला ताटकळत ठेवायचं नाही म्हणून.

स्टाफनर्स_मराठवाडा
कळवायचं राहिलं होतं. पुढचा कॅम्प झाला, पंखा बंद, घामानं सगळ्या भिजलो पण मावशींना उघडी बरणी घेऊन शेजारीच उभं केलं. 31 काचा गेल्या, 3 परत आल्या, तिन्ही साठीच्या पुढच्या आणि तिन्हींमध्ये पेशी कमी. एअर ड्राईंग एकही नाही. ब्रश या वेळी पण नव्हते, सांगितलंय स्टोअरला.

डॉक्टरीणबाई_जिल्हा
तोंडी सांगून येत नसतात. इंडेंट (मागणीपत्र) लेखी टाका आणि पोच घ्या.