एकच घड्याळ घ्यायचे असेल तर चामडी पट्ट्याबद्दल

एकच महागडे घड्याळ घ्यायचे तर ते पातळ, सोन्याचे आणि चामडी पट्ट्याचे असावे, कारण ते लग्नातही शोभते आणि ऑफिसातही, हे मत मला पटत नाही. शोभण्याबद्दल वाद नाहीच; परंतु कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की पट्ट्याची आतली बाजू घामाने आणि पावसाने ओलसरच राहते, छिद्रांच्या कडेने पांढरी बुरशी धरते आणि पुसून वाळवले तरी कुबट वास जात नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे. त्यामुळे स्टीलच्या पट्ट्याचे, साध्या डायलचे, ३६ ते ३९ मिलिमीटरचे घड्याळच मी सुचवेन. १९४५ साली आलेले रोलेक्सचे डेटजस्ट किंवा ओमेगाचे अ‍ॅक्वा टेरा हे त्याच जातीचे. सदऱ्याच्या बाहीखाली बसते आणि रंकाळ्यावर अचानक सर आली तरी काढून खिशात टाकावे लागत नाही.

पाण्याबद्दल मात्र वेगळे सांगायला हवे. घड्याळावर पाणी न शिरण्याच्या हमीसाठी लिहिलेल्या ‘३० मीटर’ याचा अर्थ तेवढे खोल जाता येते असा नसून तो प्रयोगशाळेतील स्थिर दाबाचा आकडा आहे. पोहायचे असेल तर किमान १०० मीटर हवे. डेटजस्टला १०० आणि अ‍ॅक्वा टेराला १५० मीटरची हमी आहे, तरीही पाणी आत येऊ न देणाऱ्या आतील रबरी कड्या काळाने कडक होतात. म्हणून घड्याळ कोणत्याही कारणाने उघडले की दाबाची चाचणी आग्रहाने करून घ्यावी.