टॅब आला, कागदी फॉर्म गेला: बरं झालं का?

खानापूरवाला:
माता-बाल आरोग्याच्या सर्वेक्षणात आधी कागद घेऊन फिरलो, मग टॅब घेऊन. माझं म्हणणं सरळ आहे: टॅबनं ऑफिसचं काम हलकं केलं, पण घरातली मुलाखत बिघडवली. निपाणीकडं एका बाईला धाकट्याची जन्मतारीख विचारली. "महापुरात झाला बघा, आम्ही शाळेत राहायला होतो तवा." कागदावर 'महापूर, ऑगस्ट २०१९' लिहून पुढं सरकलो असतो. टॅब तारखेशिवाय हलेना. मग टाकली १५! अशा किती १५ तारखा त्या डेटात असतील, देव जाणे.

आकडेमोड्या:
टाकली तुम्ही आणि दोष टॅबचा? 'फक्त महिना माहीत' असा पर्याय फॉर्म बनवणाऱ्यानं ठेवायचा असतो. कागदाचे दिवस मी पाहिलेत की. एकच फॉर्म दोघांनी वेगवेगळा टाइप करायचा, मग फरक शोधत बसायचं. कणकुंबीच्या पावसात भिजलेले गठ्ठे तर विचारू नका. रेंज नसली तरी ओडीकेसारखं ॲप फॉर्म फोनातच साठवतं, रेंज आली की पाठवतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानंसुद्धा २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत कागद सोडून छोटे संगणक घेतले.

खानापूरवाला:
आपल्याच बेळगाव जिल्ह्यात बाळंतपणातल्या रक्तस्रावावर मिसोप्रोस्टॉल गोळीचा अभ्यास झाला, १६२० बायका. २००६ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. अँड्रॉइड फोन तेव्हा बाजारातही नव्हता. बाळंतिणीखाली खुणांची पिशवी लावून रक्त मोजलं, नुसत्या नजरेनं अंदाज केला नाही. त्यावर तो अभ्यास उभा आहे.

आकडेमोड्या:
पिशवी मोजायला, टॅब लिहायला. दोन्ही लागतात हो.

जांबोटीची आशा:
तुम्ही भांडा, आमचं दुखणं वेगळंच. टॅब वेळ आणि जागा टिपतो. "ताई, या घरात सहाच मिनिटं का?" म्हणून फोन येतो. बीपी मात्र ओळीनं सगळ्यांचं १२०/८०, ते कुणाला खटकत नाही, कारण टॅबच्या हद्दीत बसतं! आणि फॉर्म कन्नडमध्ये, बाई बोलणार मराठी. "अंगावर जातंय" म्हणाली तर लाल की पांढरं, हे मी विचारते. दुसरी विचारेलच असं नाही. जिची तिची भाषा वेगळी.

आकडेमोड्या:
हा मुद्दा खरा. पण इलाजही टॅबमध्येच आहे. एकाच फॉर्ममध्ये कन्नड, मराठी दोन्ही घालता येतात, वर भाषा निवडायची. कागदाचे दोन गठ्ठे छापायला नकोत.

खानापूरवाला:
आमच्यात होतं ते मराठीचं बटण. दाबलं तर 'योनिमार्गातून होणारा श्वेतस्राव' आलं. एका आजीला वाचून दाखवलं. "म्हंजे काय रे बाळा?" म्हणाली. मीच लाजलो.

जांबोटीची आशा:
'धुपणी' म्हणायचं. आणि ते तुम्ही नका विचारू, आम्हाला विचारू द्या.