खाणीआधी आमची माती कशी होती, हे आता कसं कळणार?

व्हाळाकाठचा
आमचं भातशेत गोव्यात डिचोली तालुक्यात, लोखंडाच्या खाणीच्या डंपाच्या, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगाच्या, अगदी खाली. वर्षानुवर्षं पावसात व्हाळातून लाल गाळ यायचा. बांधसुद्धा पुरून गेले. 2018 च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने खाणी थांबल्या, डंप मात्र हलला नाही. आता माती तपासून घेतली. लोखंड, मँगनीज, क्रोमियम तिन्ही जास्त. खाणवाले म्हणतात, गोव्याची मातीच तांबडी. आजोबांच्या काळचा रिपोर्ट कुठून आणू?

जांभादगड
खाणवाले अर्धं खरं बोलतात, म्हणून तर त्यांच्याशी वाद घालणं अवघड. रिपोर्टमध्ये तुलना कशाशी केलीय ते आधी बघा. बहुतेक वेळा शेल, म्हणजे चिखलापासून बनलेल्या खडकाची जागतिक सरासरी धरतात: लोखंड 4.7 टक्के, मँगनीज 850 पीपीएम (दहा लाखात 850 भाग). त्या मापाने जांभ्याचा कुठलाही सडा, म्हणजे उघडं पठार, प्रदूषित ठरेल, जिथे कुणी पहार मारलेली नाही तोसुद्धा. असला रिपोर्ट घेऊन गेलात तर पहिल्याच प्रश्नाला गप्प बसाल.

जुनी माती तुमच्याच शेतात आहे. नांगर वीतभर खोल जातो आणि तुमच्याकडे गाळ त्याहून जाड बसलेला दिसतोय. उन्हाळ्यात कमरेइतका खड्डा खणा. लाल, चिकट, खड्याविना थर संपून खाली करडी, मुळांच्या खुणा असलेली माती लागली, तर ती गाळाआधीची. दोन्ही थरांचे नमुने वेगळे घ्या. डंपाच्या वरच्या अंगाला, जिथे ते पाणी पोचत नाही, तिथलाही एक घ्या. नुसते आकडे न बघता प्रत्येक धातूचं अ‍ॅल्युमिनियमशी गुणोत्तर काढा, नाहीतर बारीक मातीत धातू जास्त दिसतो तो फरकही खाणीच्या नावावर जमा होईल.

मँगनीजवर मात्र फार विसंबू नका. भातशेतात पाणी साचलं की ते विरघळतं, वर सरकतं, पुन्हा बसतं. क्रोमियम त्या मानाने जागेवर राहतं.

सत्तरीची_सून
काका, आणि नदीचं? आमच्याकडे पाण्याची बाटली भरून देतात, झालं.

जांभादगड
पावसाळ्यातली बाटली न गाळता दिली तर पाण्यातलं नाही, चिखलातलं लोखंड मोजलं जातं. 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेलं आणि न गाळलेलं, दोन्ही मागा. नदीचा इतिहास तळाच्या गाळात असतो. नळीने गाळाचा उभा गाभा काढून शिसे-210 या किरणोत्सारी शिशावरून थरांचं वय काढतात. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, साधारण 22 वर्षं, म्हणजे गेल्या शंभरेक वर्षांचा हिशेब लागतो. गोव्यातून खनिज बाहेर जायला लागलं ते पोर्तुगीज राजवटीत, 1940 च्या दशकाच्या अखेरीस. त्या काळाच्या खालचे थर म्हणजे तुमचं ‘आधी’. फक्त मांडवी नदीत खनिजाच्या बार्ज (मालवाहू होड्या) जायच्या त्या मार्गावर नळी घालू नका, तिथला तळ ढवळलेला असतो. खारफुटीतली शांत जागा बघा.

व्हाळाकाठचा
खड्डा मे महिन्यात खणतो. पण रोपांची पानं तांबूस होऊन वाळतात, ते याचंच का?

जांभादगड
असू शकतं. साचलेल्या पाण्यात लोखंड विरघळणाऱ्या रूपात येतं, भाताला ते बाधतं आणि पानांवर तपकिरी ठिपके पडतात. पण जस्त कमी पडलं तरी असंच दिसतं. त्यामुळे एकूण लोखंडाचा आकडा इथे निरुपयोगी, डीटीपीए या रसायनाने निघणारं, म्हणजे पिकाला मिळू शकणारं, लोखंड आणि जस्त तपासायला सांगा. आणि मधून मधून शेतातलं पाणी काढून दोन-चार दिवस हवा लागू द्या, त्याला रिपोर्टची वाट बघायची गरज नाही.