टर्मिनलमध्ये टेस्ट पास, व्हीएस कोडमध्ये एकही दिसत नाही – मदत हवी आहे

मंडळी, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी कास्टिंगच्या वजनाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर लिहितोय. उबंटू, पायथन ३.११, टेस्ट चालवायला पायटेस्ट. रेपोत (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) दोन फोल्डर आहेत, बॅकएंड (सर्व्हरवरचा कोड) आणि फ्रंटएंड (स्क्रीनवर दिसणारा भाग), आणि व्हीएस कोड या एडिटरमध्ये मी वरचा मुख्य फोल्डर उघडतो.

टर्मिनलमध्ये बॅकएंडमध्ये जाऊन पायटेस्ट चालवलं की सगळ्या टेस्ट पास. टेस्टिंग पॅनेलमध्ये मात्र शुकशुकाट. आउटपुटमध्ये 'मॉड्यूल सापडलं नाही' अशी एरर येते, तीही आमच्याच वजन मॉड्यूलच्या नावानं! त्याच इम्पोर्टखाली पायलान्सची (व्हीएस कोडमध्ये पायथन कोड तपासणाऱ्या एक्स्टेन्शनची) नागमोडी रेघ, आणि व्याख्येवर उडी मारायला गेलं तर ढिम्म.

इंटरप्रिटर बरोबर निवडलाय, प्रकल्पाच्या स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमधलाच. सेटिंगमध्ये पायटेस्ट चालू, पायथनचं अंगभूत युनिटटेस्ट बंद. फाइलांची नावं 'टेस्ट अंडरस्कोर'नेच सुरू होतात. कॅशे उडवली, विंडो रीलोड केली, एक्स्टेन्शन काढून परत टाकलं. काल फक्त बॅकएंड फोल्डर उघडून पाहिला तर सगळं सुरळीत! म्हणजे घोळ पाथचाच (मॉड्यूल कुठल्या फोल्डरात शोधायचं त्याचा), असं वाटतंय. पण फ्रंटएंडही सोबत लागतं, त्यामुळे रोज दोन खिडक्या उघडणं नको. इम्पोर्टही बदलता येणार नाहीत, तोच कोड फाउंड्रीच्या सर्व्हरवर चालतो.

टेस्टिंगसाठी वर्किंग डिरेक्टरी वेगळी आणि पायलान्ससाठी एक्स्ट्रा पाथ वेगळा, असं दोन ठिकाणी लिहावंच लागतं का? की बॅकएंडला एडिटेबल पॅकेज म्हणून (म्हणजे कॉपी न करता, मूळ फोल्डरशीच जोडून) पायथनच्या पिप या इन्स्टॉलरनं इन्स्टॉल केलं तर दोघांनाही एकाच ठिकाणाहून कळेल?