माद्या का मोजत नाहीत?
वर कुणीतरी विचारलंय, की अमेरिकेतल्या सेज ग्राउज या कोंबडीसारख्या रानपक्ष्याच्या गणनेत माद्या का धरत नाहीत. अहो, त्या करड्या-तपकिरी माद्या झुडपांत बसल्या की दिसतच नाहीत, शिवाय येऊन-जाऊन असतात. नर मात्र वसंतात रोज पहाटे त्याच उघड्या माळावर हजर! पांढरी छाती फुगवली की दोन पिवळसर पिशव्या बाहेर डोकावतात आणि 'पॉप' असा आवाज येतो. मोजणी सूर्योदयाच्या साधारण अर्धा तास आधी सुरू, लांबूनच, दुर्बिणीने. थोडं थांबून पुन्हा. हंगामात तीन-चारदा मोजून सगळ्यांत मोठा आकडा धरतात. मधेच गोल्डन ईगल, म्हणजे शिकारी गरुड, फिरकला तर त्या दिवसाची मोजणी बोंबललीच. जोराचा वारा असेल तर, माझ्या मते, अंथरुणातून उठूच नये.