सामायिक दुर्बीण: आज ठरवायचीच

ए-१०३: तिसऱ्यांदा विचारतेय. पक्षी बघायला सोसायटीची दुर्बीण कोणती घ्यायची? यादीत तीन उरल्यात: निकॉन मोनार्क एम५, व्हॉर्टेक्स डायमंडबॅक एचडी, सेलेस्ट्रॉन नेचर डीएक्स. उद्या ऑर्डर जाणार. नुसते अंगठे नकोत, कारण सांगा.

सी-४०२: १०×४२ घ्या, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमीचं. पक्षी जवळ दिसतो.

बी-२०४: ताई, तिन्हींपैकी कुठलीही घ्या, पण ८×४२. दहापटीत हाताची थरथरही दहापट दिसते आणि दृश्य अरुंद होतं. फांदीवरचा छोटा पक्षी शोधेपर्यंत तो उडालेला असतो. शिवाय ४२ भागिले ८ म्हणजे डोळ्याशी ५.२५ मिमीचं प्रकाशवर्तुळ, दहापटीत ४.२. भल्या पहाटे दाट झाडीत हा फरक कळतो.

सी-४०२: वय वाढलं की डोळ्याची बाहुली तेवढी उघडतच नाही काका. आपल्याकडे निम्मे ज्येष्ठ. म्हणून म्हणतो, १०×४२ घ्या.

बी-२०४: बाहुलीचं बरोबर आहे. पण वर्तुळ मोठं असलं की डोळा जरा सरकला तरी चित्राची कड काळी होत नाही. ज्येष्ठांना आणि मुलांना त्याचाच उपयोग.

ए-५०१: आणि कृपा करून झूमवाली नको. मागची कपाटात का पडून आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

सी-४०२: ती मी आणली होती, एवढंच म्हणायचंय ना?

ए-५०१: मी कोणाचं नाव घेतलं नाही. झूममध्ये दोन्ही नळ्यांची भिंगं सरकताना जराही मागेपुढे झाली की दोन चित्रं दिसतात, डोकं दुखतं. ८ वर ठेवली तरी दृश्य साध्या ८×४२ पेक्षा बरंच अरुंद.

डी-३०२: टाकीच्या गळतीवर कालपासून एक उत्तर नाही. दुर्बिणीवर मात्र सगळे हजर.

सेक्रेटरी: प्लंबर उद्या ११ ला येतोय. टाकीचा विषय देखभालीच्या ग्रुपवर, विनंती.

ए-१०३: तिन्हींत फरक काय ते सांगा ना कोणीतरी!

बी-२०४: तिन्ही ८×४२ धरून. १००० मीटरवर एम५ मध्ये ११२ मीटर रुंदी मावते, डायमंडबॅकमध्ये १३१, नेचर डीएक्समध्ये साधारण १२९. जवळचा फोकस, म्हणजे किती जवळचं स्पष्ट दिसतं ते, एम५ चा २.५ मीटर, डायमंडबॅकचा १.५, डीएक्सचा २. फुलपाखरं बघणार असाल तर हे महत्त्वाचं. एम५ मध्ये ईडी काच (रंग कमी फाकवणारी) आहे, म्हणून पांढऱ्या आभाळासमोरच्या काळ्या पक्ष्याला जांभळी कड कमी येते. फेज कोटिंग, म्हणजे आतल्या प्रिझमवरचा चित्र ठळक करणारा लेप, तिघांनाही आहे.

ए-५०१: चष्म्याचं राहिलं. आय रिलीफ, म्हणजे भिंगापासून डोळा किती दूर ठेवून पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर, एम५ चा १९.५ मिमी, बाकी दोघांचा १७ च्या आसपास. चष्मेवाल्यांनी आयकप (डोळ्याला टेकणाऱ्या रबरी कड्या) फिरवून पूर्ण आत करायचे, नाहीतर कडेचं दृश्य कापलं जातं. जाड फ्रेमला १७ कमी पडू शकतात.

सी-४०२: १०×४२ चाही विचार व्हावा.

ए-१०३: झाला तुमचा विचार. चष्मेवाले कोण कोण, आत्ता सांगा.

बी-२०४: मॉडेल कुठलंही ठरवा, आलेला नग परतीच्या मुदतीत तपासा. लांबच्या आडव्या तारेवर फोकस करा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दूर न्या. दोन्ही वर्तुळांत तार एका रेषेत हवी. एकीकडे वर, एकीकडे खाली दिसली तर कॉलिमेशन (दोन्ही नळ्या एकाच दिशेला असणं) बिघडलंय, लगेच परत पाठवा. ते घरी दुरुस्त होत नाही.

ए-५०१: त्याआधी डायऑप्टर, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक भरून काढणारी कडी, जुळवा. उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावं झाकून फक्त उजव्या आयपीसची (डोळ्याकडच्या भिंगाची) कडी फिरवा, मधलं चाक हलवायचं नाही. हे न करता "धूसर आहे" म्हणून तक्रार नको.

डी-३०२: पुसायला रुमाल चालेल?

बी-२०४: नाही! धुळीचा कण कोटिंगवर घासला जातो. आधी हवा मारायचा ब्लोअर, मग मऊ ब्रश, शेवटी मायक्रोफायबर. पावसाळ्यात बंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, नाहीतर भिंगांवर बुरशी धरते.

ए-१०३: खाजगीत सात जणांनी कळवलं, पाच चष्मेवाले. मग रुंदी थोडी कमी चालेल. मोनार्क एम५, ८×४२. पार्सल आलं की गच्चीवर तारेची तपासणी. ४०२, तुम्हीही या.

सी-४०२: येतो. पुढच्या वेळी १०×४२.